शहरी सायकलला रुंद टायर: आधी मोजपट्टी, मग टायर

रुंद टायर घालून फसलेल्या सायकली साधारण तीन प्रकारच्या असतात. पहिलीत टायर रिमवर चढतो, पण हवा भरली की मागच्या नळीला घासतो. दुसरीत टायर मोकळा फिरतो, पण काढलेला मडगार्ड परत बसत नाही. तिसरीत सगळं नीट बसतं, तरी सायकल पूर्वीइतकीच दणके देते, कारण नव्या रुंद टायरमध्ये जुन्या अरुंद टायरचाच दाब भरलेला असतो. पहिल्या दोन्हींत टायर आधी घेतलेला असतो आणि मोजमाप नंतर केलेलं असतं. तिसरीत मोजमाप झालेलं असतं, पण हवेपाशी येऊन ते थांबलेलं असतं.

किती रुंद टायर बसेल हे सायकलवरची सगळ्यात अरुंद जागा ठरवते. ती फ्रेममध्ये असेल, ब्रेकमध्ये असेल, नाहीतर स्टँडच्या एका पट्टीत दडलेली असेल. ती सापडेपर्यंत खरेदी थांबवा. खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. क्रम बदलला की एखादं माप हमखास सुटतं.

## तयारी

हाताशी ठेवा: मिलिमीटरच्या खुणांची स्टीलची पट्टी, व्हर्निअर कॅलिपर, टेप, जाड पुठ्ठा, कात्री आणि ६ मिमीची अ‍ॅलन की. अ‍ॅलन की इथे बोल्ट पिळायला नाही, फट मोजायला लागणार आहे.

मोजायच्या आधी दोन्ही चाकं तपासा. एक्सल खाचेत पूर्ण बसलेला आहे का, नट घट्ट आहेत का, हबमध्ये खेळ आहे का ते बघा. सायकल उलटी ठेवून चाक फिरवा आणि ब्रेकपॅडजवळ नजर ठेवा. रिम १ मिमीपेक्षा जास्त डावी-उजवीकडे डुलत असेल, तर आधी आरे ओढून चाक सरळ करून घ्या. वाकड्या चाकावर घेतलेली मापं पुढे कामाला येत नाहीत.

ब्रेक रिमवर दाबणारे असतील तर रिमची भिंतही बघा. पॅड जिथे घासतो तिथे बोट फिरवल्यावर खळगा लागला, तर रिम झिजलेली आहे. तिच्यावर रुंद टायर चढवू नका. कारण दहाव्या टप्प्यात येईल.

## १. जुन्या टायरवरचा खरा आकडा शोधा

टायरच्या बाजूवर बहुधा दोन-तीन आकार छापलेले असतात. इंचातला आकडा सोडून द्या. दोन आकडे आणि मध्ये छोटी रेघ असा शोधा, उदाहरणार्थ ३७-६२२. ही ईटीआरटीओ, म्हणजे युरोपातल्या टायर-रिम संस्थेची पद्धत. पहिला आकडा म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे टायरची कड रिमवर जिथे बसते तिथला व्यास, तोही मिलिमीटरमध्ये. पहिला बदलता येतो. दुसरा तोच राहिला पाहिजे, एका मिलिमीटरचाही फरक चालत नाही.

इंचांवर विसंबून किती गोंधळ होतो ते पाहा. २६ × १.७५ म्हणजे ५५९. २६ × १ ३/४ म्हणजे ५७१. हिशेबात पावणेदोन आणि १.७५ एकच, पण हे टायर एकमेकांच्या रिमवर बसत नाहीत. २६ × १ ३/८ म्हणजे ५९०, आणि २६ × १ १/२ म्हणजे ५८४, ज्याला २७.५ किंवा ६५०बी असंही म्हणतात. उलट ७००सी आणि २९ इंच ही नावं वेगळी असली तरी व्यास एकच, ६२२. '२८ इंच' लिहिलेले बहुतेक टायरही ६२२ चेच असतात. मात्र २८ × १ १/२ हा जुन्या धाटणीच्या मोठ्या सायकलींचा टायर ६३५ चा आहे.

तपासा: दुसरा आकडा कागदावर लिहून त्याभोवती गोल करा. पुसट झाला असेल तर टायर काढून रिमच्या आत किंवा स्टिकरवर शोधा. तिथेही नसेल तर इंचावरून अंदाज बांधू नका, चाकच दुकानात घेऊन जा.

## २. रिमची आतली रुंदी मोजा

टायर आणि ट्यूब काढा. रिमच्या दोन भिंतींच्या आतल्या कडांमधलं अंतर व्हर्निअरने घ्या. बाहेरून बाहेर मोजलं तर आकडा ४ ते ६ मिमीने फुगतो. ही चूक इतकी नेहमीची आहे की रिमवर १९सी असं छापलेलं असलं तरी एकदा मोजून बघाच. १९ म्हणजे आतली रुंदी १९ मिमी.

कोणत्या रिमवर किती टायर, याचा जुना आणि जरा सावध हिशेब असा:

- १५ मिमी: २३ ते ३२
- १७ मिमी: २५ ते ५०
- १९ मिमी: २८ ते ६०
- २१ मिमी: ३५ ते ६०
- २३ मिमी: ४० ते ६०

ही टोकं आहेत. टोकाला टायर बसतो, पण चालवायला बरा असेलच असं नाही. १७ मिमीच्या रिमवर ५० चा टायर कमी दाबाने चालवला की वळणावर तो रिमच्या वर लोळतो आणि मागचं चाक सरकल्यासारखं वाटतं. म्हणून १७ वर ४२ पर्यंत आणि १९ वर ५० पर्यंत थांबलेलं चांगलं.

रिम बदलली की त्याच टायरची रुंदीही बदलते. आतली रुंदी १ मिमीने वाढली तर टायर साधारण ०.४ मिमीने पसरतो. समजा ४७ चा टायर २१ मिमीच्या रिमवर बरोबर ४७ भरतो. तोच १७ च्या रिमवर ४५ आणि ४६ च्या मध्ये भरेल. त्यात कंपनीगणिक एक-दोन मिमीचा फरक असतोच.

## ३. फ्रेम आणि फोर्क: इथे घाई नको

बहुतेक जण जुना टायर आणि नळी यांमधली फट मोजतात आणि रुंदीतला फरक वजा करतात. हिशेब सोपा, पण चुकीचा. रुंद टायर रुंद असतो तसा उंचही असतो. त्याची सगळ्यात फुगीर जागा एक्सलपासून आणखी लांब जाते, आणि पुढच्या बाजूला मागच्या दोन नळ्या एकमेकींच्या जवळ येत असतात. म्हणजे टायर जाडही होतो आणि अरुंद जागेत पुढेही सरकतो.

त्यापेक्षा एक्सलपासून मोजा. टायर ४७-६२२ आहे असं धरू.

१. ६२२ चा निम्मा ३११. ही रिमवरच्या कडेची त्रिज्या.
२. ३११ मध्ये रुंदीचा निम्मा, म्हणजे साधारण २४, मिळवा. ३३५. एक्सलच्या मध्यापासून ३३५ मिमीवर टायर सगळ्यात फुगीर असेल.
३. ३११ मध्ये पूर्ण रुंदी मिळवा. ३५८. इथे टायरचा माथा येईल.

चाक काढून घ्या. एक्सल ज्या खाचेत बसतो तिच्या मध्यापासून खालच्या नळीवर, म्हणजे चेनस्टेवर, ३३५ मिमीला खूण करा. दुसऱ्या बाजूलाही करा. दोन खुणांमधलं आतलं अंतर मोजा. ते टायरच्या रुंदीपेक्षा किमान १२ मिमीने जास्त हवं, म्हणजे प्रत्येक बाजूला ६ मिमी मोकळे. ४७ साठी ५९ मिमी.

हेच माप सीटकडे जाणाऱ्या वरच्या नळ्यांवर आणि फोर्कच्या दोन पायांमध्ये घ्या. मग माथ्याकडे वळा: ३५८ अधिक ६, म्हणजे ३६४ मिमीच्या आत काहीही आडवं येता कामा नये. फोर्कचा वरचा जोड, सीटच्या नळ्यांना जोडणारी आडवी पट्टी, पॅडलच्या हाउसिंगमागची पट्टी, हे तिन्ही बघा. पॅडलजवळची पट्टी सर्वांत जास्त विसरली जाते, कारण ती खालून बघावी लागते.

६ मिमी कशासाठी? नवा टायर हवेखाली पहिल्या काही दिवसांत १ मिमीच्या आसपास फुगतो. चाक थोडं डुलतं. जोर लावून पॅडल मारताना चाक आणि फ्रेम दोन्ही किंचित लवचतात. ओल्या रस्त्यावर टायर खडी उचलतो आणि ती फटीतून निघून जावी लागते. शिवाय एखादा आरा तुटला तर रिम काही मिलिमीटर एका बाजूला जाते. फट नसेल तर चाक जागच्या जागी अडकतं. ४ मिमीवर सायकल चालवणारे लोक आहेत. रोज वापरायच्या सायकलवर तसं करू नका.

सरकत्या खाचा: एकच गियर किंवा हबमधले गियर असलेल्या सायकलींत चेन ताणण्यासाठी मागचं चाक पुढे-मागे सरकतं. माप घेताना खाचेतली सगळ्यात पुढची जागा धरा. चेन नवी घातली किंवा एक कडी कमी केली की चाक तिथेच येऊन बसतं.

आकड्यांवर भरवसा वाटत नसेल तर पुठ्ठ्याचा साचा कापा: एका टोकाला एक्सलच्या मध्याची खूण, दुसऱ्या टोकाला ४७ मिमी व्यासाचा गोल, गोलाचा मध्य खुणेपासून ३३५ वर. खूण खाचेच्या मध्यावर धरा आणि गोल दोन नळ्यांच्या बरोबर मध्ये ठेवा. दोन्ही बाजूंना अ‍ॅलन की सहज सरकली पाहिजे. अडकली तर टायर एक आकार कमी करा.

नेहमीची चूक: फक्त मागचं मोजणं. शहरी सायकलींत फोर्कचा जोड आधी अडवतो, हे पुष्कळदा टायर चढवल्यावरच कळतं.

## ४. ब्रेक किती जागा देतो

डिस्क, ड्रम, रोलर किंवा उलटं पॅडल मारून लागणारा हब-ब्रेक असेल तर पुढच्या टप्प्याला जा. हे ब्रेक टायरच्या वाटेत येत नाहीत.

एकाच बोल्टवर बसलेला, टायरवरून कमान करून येणारा कॅलिपर ब्रेक असेल, तर बोल्टच्या मध्यापासून पॅडच्या मध्यापर्यंत उभं अंतर मोजा. ३९ ते ४९ मिमीच्या ब्रेकखाली साधारण २८ चा टायर जातो. त्यापुढे ओढाताण आहे. ४७ ते ५७ च्या ब्रेकखाली मडगार्डसह ३२, मडगार्डशिवाय ३५ च्या आसपास. अशा सायकलीवर ४५ ची हौस असेल तर टायर शोधून उपयोग नाही. फोर्क, ब्रेक आणि बहुधा चाकंही बदलावी लागतील, आणि तो खर्च टायरच्या खर्चात धरूनच निर्णय घ्या.

व्ही-ब्रेक, म्हणजे चाकाच्या दोन बाजूंच्या उभ्या हातांनी रिम दाबणारा ब्रेक असेल आणि त्याचे हात १०० मिमीच्या वर लांब असतील तर ५० पर्यंत अडचण येत नाही. ८०-९० मिमीचे आखूड हात मात्र केबल टायरच्या अगदी डोक्यावर आणतात. तिथे टायर आणि केबल यांत मडगार्डही जायचा आहे, हे लक्षात ठेवून मोजा.

आणखी एक गोष्ट. ब्रेक उघडल्यावर दोन पॅडमधलं अंतर फुगलेल्या टायरपेक्षा कमी असेल, तर प्रत्येक वेळी चाक काढायला हवा सोडावी लागेल. पंक्चर झालं तर हवा गेलेलीच असते, पण दुरुस्तीनंतर चाक फुगवून बसवता येणार नाही. आधी बसवा, मग फुगवा. हे चालतं, माहीत असलं म्हणजे झालं.

## ५. मडगार्ड, स्टँड, कुलूप, डायनॅमो

मडगार्ड टायरपेक्षा किमान ८ ते १० मिमीने रुंद हवा. ४५ चा मडगार्ड ३७ पर्यंतच्या टायरला, ५५ चा ४५-४७ ला. टायरच्या माथ्यापासून मडगार्डपर्यंत १० मिमी मोकळे ठेवा, आणि ती फट चाकाभोवती सगळीकडे सारखी असू द्या. एका टोकाला ५ आणि दुसऱ्या टोकाला २० असेल तर ओली काडी किंवा पिशवी तिथेच जाऊन बसते.

थांबा: पुढच्या मडगार्डची फट कमी ठेवून कधीही चालवू नका. टायर आणि मडगार्डमध्ये काही अडकलं तर मडगार्ड चाकाबरोबर ओढला जातो, दुमडतो आणि पुढचं चाक जाम होतं. चालवणारा थेट हँडलवरून पुढे फेकला जातो. पुढच्या सळ्यांना ओढ लागताच सुटणारे क्लिप लावलेले असावेत.

मागची खाच मागच्या बाजूला उघडणारी असेल, तर चाक मागे ओढूनच निघतं. मडगार्ड टायरला चिकटून असेल तर हवा सोडल्याशिवाय चाक बाहेर येत नाही. मडगार्डचं मागचं टोक लांब सळ्यांनी थोडं मागे घेतलं की हा त्रास कमी होतो.

आता बाकीच्या वस्तू. पॅडलच्या मागे बसणाऱ्या स्टँडची वरची पट्टी चेनस्टेच्या मध्ये येते आणि तिसऱ्या टप्प्यात मोजलेल्या जागेतले काही मिलिमीटर खाऊन टाकते. स्टँड लावलेला असतानाच पुन्हा मोजा. सीटखाली गोल कुलूप असेल तर त्याच्या तोंडाची रुंदी मोजा. बंद करताना दांडा टायरला घासतो का तेही बघा. टायरवर घासून चालणारा डायनॅमो असेल तर नव्या टायरच्या बाजूवर त्याच्यासाठी खरखरीत पट्टा हवा. तो नसलेल्या पातळ बाजूवर डायनॅमो चालवला की टायरचं कापड उघडं पडतं.

पॅडलपाशी दोन-तीन दातेरी चकत्या असलेल्या सायकलींसाठी आणखी एक तपासणी: पुढे सगळ्यात लहान आणि मागे सगळ्यात मोठी चकती अशी चेन टाका. या स्थितीत चेन टायरच्या सर्वांत जवळ असते. ५० पेक्षा रुंद टायरला ती इथे घासू शकते.

## ६. उंची, गियर आणि बुटाचं टोक

२८ चा टायर काढून ४७ चा घातला की चाकाचा बाहेरचा व्यास ६७८ वरून ७१६ मिमी होतो. याचे परिणाम असे:

- सायकल १९ मिमीने उंच होते. बाजूचा स्टँड आखूड पडतो आणि सायकल जास्त कलते. थांबल्यावर जमिनीला पाय टेकतो का तेही बघा.
- गियर साडेपाच टक्क्यांनी जड होतो. एकच गियर असेल आणि मागची चकती १८ दात्यांची असेल, तर १९ ची घातली की हिशेब जवळपास पूर्वीचा होतो.
- पुढचा टायर पॅडलकडे १९ मिमीने सरकतो. पॅडल पुढे आडवं ठेवून, बूट घालून हँडल वळवा. बुटाचं टोक टायरला लागत असेल तर हळू वेगात, तीव्र वळणावर धोका आहे. मडगार्ड लावल्यावर तो आणखी वाढतो.
- वेगमापकात चाकाचा नवा परीघ भरा.

डिस्क किंवा हब-ब्रेकच्या सायकलीत फ्रेम रुंदीला मोकळी पण उंचीला अडत असेल, तर ६२२ ऐवजी ५८४ ची चाकं हा चांगला मार्ग आहे. २८-६२२ चा बाहेरचा व्यास ६७८ आणि ४८-५८४ चा ६८०; उंची, गियर, सगळं जागच्या जागी. ५५९ वर जाताना मात्र सावध राहा. ३७-६२२ च्या जागी ४७-५५९ घातला तर सायकल २१ मिमीने खाली येते आणि वळताना पॅडल जमिनीला लागू शकतं.

## ७. आता टायर निवडा

आतापर्यंत कागदावर एक व्यास आणि एक जास्तीत जास्त रुंदी आलेली असेल. त्या रुंदीपेक्षा एक आकार खालचा टायर घ्या. ४७ बसत असेल तर ४२. आरामात पडणारा फरक थोडा असतो, पण मडगार्ड लावणं, चाक काढणं, चिखल निघून जाणं, सगळंच सुकर होतं.

नक्षी. डांबरी आणि काँक्रीटच्या रस्त्यासाठी गुळगुळीत किंवा बारीक रेघांचा टायर. मोटारीचा टायर पाण्यावर तरंगतो म्हणून सायकललाही खोल नक्षी हवी, हा समज खोटा आहे. सायकलचा टायर अरुंद, गोल आणि वेगाला कमी असतो. तो पाणी बाजूला सारून रस्त्याला टेकतो. गाठींचा टायर कस्टम सायकलवर रुबाबदार दिसतो खरा, पण पक्क्या रस्त्यावर तो गुणगुणतो, गाठी वळणावर दुमडतात आणि मधला भाग लवकर सपाट होतो. वाटेत माती-खडी लागत असेल तर मध्ये सलग पट्टा आणि कडेला लहान गाठी अशी नक्षी पुरते.

पंक्चरपासून संरक्षण. इथे खरी देवाणघेवाण आहे. जाड संरक्षक थर असलेला टायर काच आणि तार अडवतो, पण कडक आणि जड असतो. श्वाल्बेच्या 'मॅरेथॉन प्लस'मध्ये ५ मिमी जाड लवचीक रबराचा थर असतो. पंक्चर क्वचित होतं, पण तो चढवताना घाम निघतो आणि रुंद टायरचा मऊपणा बराचसा हरवतो. रुंद टायर आरामासाठी घेत असाल तर मध्यम थराचा घ्या. काचेच्या रस्त्याने रोज वेळेवर पोहोचायचं असेल तर जाड. दोन्ही एका टायरात मिळतील असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. हवं तर मागे जाड आणि पुढे मऊ असं मिश्रण करा. पंक्चर मागेच जास्त होतात.

रंग. तपकिरी किंवा पांढरी बाजू छान दिसते. रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर पॅडची काळी धूळ तिच्यावर बसते आणि पुसून पूर्ण जात नाही.

वजन पेलण्याची क्षमता. बाजूवर किलोमध्ये छापलेली असते, एका टायरसाठी. मागे सामान किंवा मूल बसवायचं असेल तर एकूण वजनाचे सुमारे ६० ते ६५ टक्के मागच्या चाकावर धरून तुलना करा.

## ८. ट्यूब आणि रिमची पट्टी

जुनी ट्यूब ताणून वापरू नका. ट्यूबवर रुंदीचा पल्ला लिहिलेला असतो, उदाहरणार्थ २८/४७-६२२. नवा टायर त्या पल्ल्यात आला पाहिजे. अरुंद ट्यूब रुंद टायरमध्ये ताणून पातळ होते, हवा लवकर सोडते आणि ठिगळाजवळ उकलते.

व्हॉल्व्हही बघा. रिमचं भोक ६.५ मिमी असेल तर बारीक प्रेस्टाच बसेल. ८.५ मिमी असेल तर मोटारीसारखा जाड किंवा जुन्या पद्धतीचा वुड्स. मोठ्या भोकात बारीक व्हॉल्व्ह घालायचा तर मध्ये रबरी किंवा धातूची बाही हवी, नाहीतर मुळाशी ट्यूब कापली जाते. आतली पट्टी आऱ्यांची सगळी भोकं पूर्ण झाकते ना, सरकलेली नाही ना, एवढं पाहून पुढे चला.

## ९. चढवण्याचा क्रम

१. टायरवरचा बाण फिरण्याच्या दिशेने ठेवा. नाव व्हॉल्व्हसमोर आणा. पंक्चर झाल्यावर टायरमधल्या काट्याची जागा ट्यूबवरून शोधायला सोपं जातं.
२. एक कड पूर्ण आत घाला.
३. ट्यूबला गोल आकार येईल इतकीच हवा भरून ती आत बसवा. व्हॉल्व्ह सरळ.
४. दुसरी कड व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरू करा आणि व्हॉल्व्हपाशी संपवा. घट्ट वाटली तर आधी चढवलेली कड रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकला. ढिलाई तिथूनच मिळते.
५. व्हॉल्व्ह एकदा आत ढकलून सोडा, म्हणजे ट्यूब कडेखाली चिमटणार नाही.
६. सगळ्या बाजूंनी टायर दाबून ट्यूब डोकावते का बघा.
७. निम्मा दाब भरा आणि चाक फिरवा. रिमलगत टायरवर एक बारीक रेघ असते. ती दोन्ही बाजूंना, सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. कुठे आत गेली असेल तर हवा सोडा, तिथे साबणाचं पाणी लावा, पुन्हा भरा.

थांबा: स्क्रूड्रायव्हर किंवा चमचा नको. प्लास्टिकचे लिव्हर वापरा, तेही कड काढण्यासाठी. कडेचा शेवटचा भाग हातानेच बसवायचा प्रयत्न करा. डिस्क-ब्रेक असेल तर चाक बाहेर असताना ब्रेकचा लिव्हर दाबू नका, पॅड एकमेकांना चिकटतात.

## १०. हवा: सगळं काम इथे बिघडतं किंवा जमतं

रुंद टायरला कमी दाब लागतो. कमी दाबाने सायकल जड चालेल या भीतीने लोक ४७ च्या टायरमध्ये ७० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) भरतात आणि मग म्हणतात, रुंद टायरने काहीच फरक पडला नाही.

यात रिमचाही प्रश्न आहे. टायर रिमच्या भिंतींना बाहेर ढकलतो तो जोर दाब गुणिले रुंदी या प्रमाणात वाढतो. २८ च्या टायरमध्ये ९० पीएसआय असताना हा गुणाकार २५२०; ५० च्या टायरमध्ये ६० पीएसआय असतानाच तो ३०००. दाब कमी दिसतो, पण रिमवरचा ताण वाढलेला असतो. झिजलेली रिम अशा वेळी उभी फाटते.

चालवणारा ७०-७५ किलोचा, सामान थोडं, असं धरून मागच्या चाकासाठी सुरुवातीचा दाब:

- ३२ मिमी: ६० पीएसआय
- ३७-३८ मिमी: ५०
- ४२ मिमी: ४२ ते ४५
- ४७-५० मिमी: ३५
- ५५-६० मिमी: २८ ते ३०

पुढच्या चाकात यापेक्षा दहा ते पंधरा टक्के कमी. वजन दहा किलोने जास्त असेल तर सुमारे दहा टक्के वाढवा. टायरच्या बाजूवर किमान आणि कमाल दाब दिलेला असतो, त्याच्या बाहेर जाऊ नका. रिमवर कमाल दाब दिलेला असेल तर दोन्हींतला लहान आकडा पाळा. पंपावर फक्त बार असेल तर १ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय.

हे आकडे सुरुवातीचे. खरा दाब दबण्यावरून ठरवा. सायकलवर नेहमीच्या सामानासह बसा, आणि दुसऱ्या कुणाला तरी जमिनीपासून रिमच्या कडेपर्यंतची उंची बसण्याआधी आणि बसल्यावर मोजायला सांगा. टायर आपल्या उंचीच्या सुमारे १५ टक्के दबला पाहिजे: ३७ चा साडेपाच मिमी, ४७ चा ७ मिमी. जास्त दबला तर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमला चिमटून दोन समांतर छिद्रं पडतात. तशी जोडी दिसली की टायरला दोष देऊ नका, दाब ५ पीएसआयने वाढवा. वळताना पुढचं चाक आपोआप आत ओढलं जात असेल, तर पुढचा दाब कमी पडतोय.

तपासा: १६० पीएसआयपर्यंतचा काटा असलेला पंप ३० च्या आसपास नीट वाचत नाही. रुंद टायरसाठी कमी पल्ल्याचा, वेगळा प्रेशर गेज घ्या. बोटाने दाबून अंदाज घ्यायची सवय इथे फसवते, कारण रुंद टायर योग्य दाबालाही बोटाला मऊ लागतो.

## ११. पहिला आठवडा

पहिल्या फेरीआधी चाक हाताने फिरवा, ब्रेक दाबा आणि पॅड टायरला टेकत नाही ना ते बघा. पॅडचा वरचा कोपरा टायरच्या बाजूला घासत राहिला तर काही दिवसांत टायर फाटतो.

मग उभं राहून, जोर लावून चढावर पॅडल मारा आणि कान द्या. फक्त जोर लावतानाच खरखर ऐकू आली तर फ्रेम लवचून टायर घासतोय. नळीच्या आतल्या बाजूला चमकलेली किंवा रंग गेलेली रेघ दिसेल. एक्सल तिरका बसलेला नसेल, तर टायर कमी रुंदीचाच घ्यावा लागेल. नळी ठोकून जागा करण्याचा उद्योग करू नका.

आठव्या दिवशी व्हर्निअरने टायरची रुंदी पुन्हा मोजा, ६ मिमीची अ‍ॅलन की सगळ्या अरुंद जागांमधून पुन्हा फिरवा आणि मडगार्डचे बोल्ट आवळा. त्यानंतर दर दोन आठवड्यांनी हवा बघितली तरी पुरे.